नागावच्या विहिरीवरचा तवंग

कोकणात जाऊन आल्यावर लोक शेजारीपाजारी आंबे वाटतात. मी आल्यापासून ज्याला त्याला एका विहिरीबद्दल सांगत सुटले आहे. ऐकणारे कंटाळले, म्हणून आता लिहूनच काढते. ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

खरं तर ही सहल विहिरीसाठी नव्हती, गाडीसाठी होती. आमचे हे, म्हणजे माधवराव, बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांनी जुनी पेट्रोलची गाडी विकून विजेवर चालणारी घेतली. तेव्हापासून कऱ्हाडच्या आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी प्रवचन मिळतं. धूर नाही, आवाज नाही, तेल नाही! "पृथ्वीवर आपला भार नको," हे वाक्य म्हणताना त्यांचा चेहरा इतका सात्त्विक होतो की मला हसू आवरत नाही. मुलगी एकदा म्हणाली, "बाबा, एवढी गुणाची गाडी आहे तर आईला समुद्र तरी दाखवा." मे महिना अर्धा सरला होता. पाऊस यायच्या आत जाऊन येऊ, असं ठरलं.

म्हसळा

घाट, वळणं आणि माझी मळमळ वगळते. माणगाव सोडल्यावर रस्त्याकडेला काजू दिसायला लागले, हवा अंगाला चिकटायला लागली आणि गाडीतला बॅटरीचा आकडा खाली घसरायला लागला. म्हसळ्यात चार्जिंगची सोय आहे असं ह्यांच्या फोनचं म्हणणं होतं. पोचलो तर यंत्राला प्लास्टिकचं पोतं बांधलेलं आणि त्यावर एक मांजर निवांत झोपलेलं. ह्यांनी त्या मांजराकडे असं पाहिलं की जणू त्यानेच यंत्र बंद पाडलं.

शेवटी जेवायला थांबलो त्या खानावळीतच विचारलं. मालकिणीला सगळे जमीलाआपा म्हणत होते, मग मीही म्हटलं. आपांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "फ्रिजची पिन काढते नि तुमची लावते. पन माजी कोलंबी खराब झाली तं तुमालाच खावी लागंल हां!"

कोलंबी आम्ही तशीही खाल्लीच. ओल्या नारळाचं वाटण, त्यात कैरीच्या फोडी. आमच्याकडे रस्सा म्हणजे भाजलेलं सुकं खोबरं आणि कांदा-लसूण मसाला, पाहुण्याचं नाक वाहिलं नाही तर घरच्या बाईला चैन पडत नाही. इथे सगळं मऊ आणि आंबट. भाकरीसुद्धा तांदळाची, घडी घालून खिशात ठेवावी अशी. मी ज्वारीवर वाढलेली बाई, पण खोटं कशाला बोलू, मागून मागून खाल्ली.

गाडी चार्ज होईपर्यंत ह्यांनी आपांना प्रवचन दिलं. आपांनी ते कांदा चिरता चिरता शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "धूर न्हाय, ते बरंच हाय. पन ही लाईट कशावर बनते?"

"तो निराळा विषय आहे," हे म्हणाले आणि पाणी प्यायला उठले. मी मनात आपांना नमस्कार केला.

खाडीकाठी

दुसऱ्या दिवशी दिघीला जंगल जेटीत चढलो. जंगल जेटी म्हणजे गाड्या पोटात घेऊन खाडी ओलांडणारी सपाट बोट. ट्रक, मोटारसायकली, शेळ्या, सगळे एकत्र. आमच्या गाडीला आवाज नसल्यामुळे पुढे चाललेल्या एका मावशींना आम्ही मागे असल्याचं कळलंच नाही. ह्यांनी हॉर्न दिला तशा त्या डोक्यावरची पाटी सावरत गर्रकन वळल्या. "चोरासारकी मागनं येते! वाजत न्हाय व्हय तुमची गाडी?" शेळ्यांसकट सगळी बोट हसली असं मला वाटलं.

पलीकडे उतरून मुरूड मागे टाकलं आणि किनाऱ्या-किनाऱ्याने निघालो. डावीकडे समुद्र, उजवीकडे डोंगर, मध्ये सुपारीच्या बागांतून जाणारा चिंचोळा रस्ता. मी एवढी खूश होते की ह्यांना दोनदा चांगलं बोलले.

पुढे एका खाडीच्या काठी सुकट घ्यायला थांबलो. बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते आणि एक कोळीणबाई ओल्या फडक्याने एकेक बोंबील पुसत होती. मासे पुसताना मी कधी कुणाला पाहिलं नव्हतं. मला वाटलं, इथली रीत असेल. विचारलं तर तिने फडकं उलटं करून दाखवलं. काळंकुट्ट.

"कोलशाची भुकटी," ती म्हणाली आणि हाताने पलीकडे दाखवलं. धक्क्यावर कोळशाचे ढीग होते, आमच्या आगाशिवाच्या डोंगराची पिल्लं शोभावीत असे. "वारा सुटला की मावऱ्यावर बसते. न पुसता नेलं तं गिऱ्हाईक हात लावत न्हाय."

"एवढा कोळसा कुठे जातो?" मी विचारलं.

"कारखान्यात जातो. लाईट बनवाया जातो."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. खरं म्हणजे माझा क्षण होता, चिडवायची आयती संधी. पण जमेना. हे त्या मांडवाच्या काठीवरून बोट फिरवत होते आणि बोटाला लागलेल्या काळ्याकडे बघत होते. आमच्या गाडीच्या मागून निघत नाही तो धूर कुठेच नसतो असं मी इतके दिवस धरून चालले होते. तो इथे, ह्या बाईच्या बोंबलावर बसला होता. 

गाडीत बसल्यावर हे म्हणाले, "तरी एकूण बघितलं ना, तर कोळशाची वीज धरूनसुद्धा आपली गाडी पेट्रोलपेक्षा बरी पडते. बॅटरी बनवताना खाणीत, कारखान्यात जे नुकसान होतं तेही धरून. फक्त गाडी पुष्कळ वर्षं चालवायला पाहिजे."

ते खोटं बोलत नव्हते. असल्या बाबतीत ते वाचून बोलतात. पण त्या एकूणमध्ये ती फडकंवाली बाई कुठे बसवायची ते मला कळेना, आणि त्यांनाही कळलं नसावं, कारण रेवदंडा येईपर्यंत ते काळं बोट पुन्हा पुन्हा रुमालाला पुसत होते.

नागाव, संध्याकाळ

नागावात नलूताईंच्या वाडीत उतरलो. यजमान गेल्यावर त्यांनी घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या, त्यावरच घर चालतं. वरती नारळ, खाली सुपारी, मध्ये केळी आणि सगळ्यांच्या मधोमध विहीर. गल्लीत सगळीकडे आगोटीची धांदल होती. पावसाळ्याआधी घर शाकारायचं, लाकडं भरायची, सुकी मासळी आणि पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगायच्या, कुंपणं नीट करायची, ह्या सगळ्याला इथे आगोट म्हणतात. आमच्याकडे पावसाची वाट बघतात. इथे पाहुण्याच्या आधी घर आवरावं तशी पावसाच्या आधी आवराआवर चालते.

नलूताईंनी चहाच्याही आधी आम्हाला विहीर दाखवली. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि पाणी अगदी गोड.

"शेजारी बोअर मारली, खारी लागली," त्या म्हणाल्या. "माजी विहीर गोडी ऱ्हायली, कारन मी हावरेपना न्हाय केला. थोडंथोडं उपसायचं. जास्ती उपसलं की खालनं समुद्र आत येतो, मंग तो परत जात न्हाय."

वाडी, घर, पाहुणे, सगळं त्या पाण्यावर. बोलताना त्यांचा हात विहिरीच्या कठड्यावरून असा फिरत होता की मला एखाद्या गाईची पाठ आठवली.

इतक्यात त्यांचे धाकटे दीर आले. सगळे त्यांना नाना म्हणतात. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस, शेजारीच राहतात, वहिनीच्या वाडीची पुरुषी कामं तेच बघतात. आमच्या गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "ह्या खेळन्यातल्या गाडीवर तुमी घाट उतरलाव? शाबास!" हे रंगात आले. नानांनी प्रवचन ऐकून घेतलं, पण डिझेलची निंदा सुरू झाली तसे उठून गेले. विहिरीजवळ पंपाचा प्लग होता, तिथेच गाडी लावली आणि वायर जोडून आम्ही समुद्रावर गेलो.

सकाळ

नलूताईंच्या हाकेने जाग आली. "नाना! ओ नाना! हिकडं या आदी!"

बाहेर आले तर त्या विहिरीवर वाकून उभ्या. पाण्यावर तवंग. जांभळा, हिरवा, पितळी, ऊन पडेल तसा हलणारा. दिसायला इतका सुंदर की पहिल्यांदा मला त्यात वाईट काही आहे हेच कळलं नाही. मग वास आला.

नाना धावत आले. विहिरीत पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि सरळ जाऊन आमची वायर उपटली. "ब्याटरी गळली! सांगत व्हतो मी! ट्रकची ब्याटरी फुटली की आसिड कसं वाहतं ते मी बघितलंय. ह्यात तर गाडीभर ब्याटरी हाय. वैनी, तुमची विहीर बाटवली यांनी!"

गल्लीतल्या बायका जमल्या. सगळ्या आमच्याकडे बघत होत्या. आयुष्यात माझ्यावर असा आळ कधी आला नव्हता. दुसऱ्याच्या पाण्यात विष कालवलं, याहून वाईट आळ कुठला?  आणि खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं की गाडीनेच केलं. काल ते काळं फडकं पाहिल्यापासून माझा तिच्यावरचा विश्वास उडाला होता.

हे मात्र भडकले नाहीत. पंचा घेतला, जमिनीवर उताणे पडले आणि गाडीखाली सरकले. त्यांचे दोन पायच काय ते बाहेर. सगळं खालून पुसून बाहेर आले आणि पंचा नानांपुढे धरला. धुळीशिवाय त्याला काही नव्हतं. मग बॉनेट उघडून म्हणाले, "बघा. ह्यात इंजिनच नाही, तर इंजिनचं ऑइल कुठलं? आणि हा वास बॅटरीचा नाही, ऑइलचा आहे."

ऑइलचा. त्यांनी तो शब्द म्हटला आणि मला वास ओळखू आला. आमची जुनी गाडी सर्व्हिसिंगला टाकायचो त्या गॅरेजचा वास. मी नाक वर करून, अगदी मांजरीसारखी, वाडीच्या मागल्या बाजूला गेले. सगळे माझ्या मागोमाग.

कुंपणाला नवे लाकडी खांब रोवलेले होते, काळे कुळकुळीत. त्यांच्याजवळ, विहिरीपासून फार लांब नाही, वाळूत एक खड्डा. त्यात निळं प्लास्टिक अंथरलेलं आणि एक खांब अजून उभा.

"ते माजं काम हाय," नाना म्हणाले. "त्याचं काय? जळकं ऑइल हाय. ट्रकचं, गाड्यांचं, जुनं काढतात ते. हायवेचे गॅरेजवाले फुकट देतात, उलट उचलून नेलं तं खूश व्हतात. लाकूड त्यात बुडवलं की वाळवी लागत न्हाय. सगळं गाव तेच लावतं."

"नाना, पण खड्ड्यात तर ऑइल नाही," मी म्हटलं.

"लाकडानं पिलं! औंदाची लाकडं लई चांगली निघाली. सांच्याला भरून ठेवलं की सकाळी खड्डा कोरडा. मी म्हटलं, पी बाबा पी, जितकं पिशील तितकं टिकशील. मंग परत भरलं. सकाळी परत..."

ते थांबले. तोंड तसंच उघडं.  नाना खाली बसले आणि प्लास्टिकचं एक टोक धरून वर ओढलं. तळाशी हातभर चीर होती. खालची वाळू काळी. त्यांनी हाताने उकरायला सुरुवात केली. मनगट गेलं, कोपर गेलं, तरी काळीच. पांढऱ्या बनियनच्या बाहीपर्यंत त्यांचा हात काळा झाला आणि पांढरी वाळू काही लागेना. मी दोन्ही हात तोंडावर धरून उभी होते. ते दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही.

"तरी मी म्हनते, लाकूड एवढं कसं पितंय," नलूताई म्हणाल्या आणि विहिरीकडे वळल्या.

मी बाहेरची, मला सुचलं ते बोलले. म्हटलं, पंप लावून सगळं पाणी उपसून टाका, नवीन येईल. नलूताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मला कालचं त्यांचं बोलणं आठवलं. उपसलं तर समुद्र आत येणार. ठेवलं तर तेल. 

मग भाताचा पेंढा आला. त्याच्या जुड्या बांधून दोरीने पाण्यावर सोडायच्या, तवंग पेंढ्याला धरला की वर ओढायच्या. गल्लीतल्या सगळ्या बायका लागल्या, हे लागले, मीही लागले. हात कोपरापर्यंत चिकट, साडीचं वाटोळं. काम चालू असताना समोरच्या घरातल्या बाई एकदम म्हणाल्या, "नाना, आमाला ड्रम दिला व्हता, तो यातलाच ना?" आणि दोरी माझ्या हातात देऊन त्या घराकडे चालू लागल्या. थोड्या वेळाने दुसरी गेली. मग तिसरी. नाना परोपकारी माणूस, त्यांनी सगळ्या गल्लीला तेल पुरवलं होतं. कठड्याशी शेवटी आम्ही चौघंच उरलो, आणि गल्लीभर प्रत्येक बाई आपापल्या विहिरीवर वाकून उभी. मी तिथेच रडले. लाज वाटली नाही.

आमच्या जुन्या गाडीची धुराची तपासणी व्हायची. तपासून चिठ्ठी मिळायची, ती आम्ही मिरवत काचेजवळ ठेवायचो. तेलाबद्दल कुणी कधी काही विचारलं नाही. धूर नाकात जातो म्हणून त्याच्यावर भांडणं होतात. हे तेल गॅरेजच्या मागल्या दाराने निघून फुकटची भेट म्हणून कुणाच्या तरी वाडीत पोचतं, आणि घेणारा वर आभार मानतो. पेट्रोलच्या गाड्यांचा मला राग आला, गॅरेजवाल्यांचा आला, नानांचाही आला. नानांचा टिकला नाही. त्यांनी काळा हात दिवसभर धुतलाच नव्हता.

पुढचं इथेच सांगून टाकते. परवा फोन केला. नलूताई म्हणाल्या, पेंढा आता बराच स्वच्छ निघतो, पण घागरीला वास येतोच. पिण्याचं पाणी देवळाजवळच्या विहिरीवरून आणतात. काळी वाळू काढता येईल तेवढी काढली, पण पाऊस आला की राहिलेलं खाली उतरेल, अशी धास्ती आहे. ज्या पावसासाठी सगळी आगोट करायची, त्यालाच त्या आता भितात. दोन्ही खोल्यांना कुलूप लावलं आहे. "वास मारतंय ते पानी पाव्हन्याला कसं देऊ, ताई?"

निघताना

आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो. नाना गल्लीच्या तोंडाशी उभे होते. ह्यांनी गाडी थांबवून काच खाली केली. मला वाटलं माफी मागतील, आणि मागितलीही. "साहेब, काल तोंडाला येईल ते बोललो. चुकलं."

"अहो, होतं तसं," हे म्हणाले. नानांनी गाडीच्या टपावर हात ठेवला, चांगला धुतलेला हात, पण नखं अजून काळीच.

"ही ब्याटरी कवापरयंत चालंल?"

"चालेल की बरीच वर्षं."

"आनि मंग?"

"मग नवी बसवायची."

"जुनीचं काय?"

मी ह्यांच्याकडे पाहत होते. प्रवचनात ह्याचंही उत्तर आहे, मला पाठ आहे. "ती परत घेतात," हे म्हणाले. "तसा नियमच आहे. घेईल कोणीतरी परत."

 नानांनी टपावरचा हात काढून घेतला.

"जळकं तेलबी घेतच व्हतं की कोनीतरी, साहेब. मीच घेत व्हतो."